श्रद्धेला प्रमाण काय?

देवाच्या अस्तित्वाचा पुरावा मागणारा माणूस देवाचा वैरी असतो, अशी समजूत आपल्या ख्रिस्ती घरांतून अजूनही आढळते. मला ती कधीच पटलेली नाही. ज्याला देवाशी काही कर्तव्यच उरलेले नाही, तो पुराव्याच्या भानगडीत पडत नाही. तो सरळ आपल्या कामाला लागतो. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनाचे दार अजून लोटलेले असते, त्याला कडी लागलेली नसते. म्हणून अशा प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी त्याला बसायला पाट द्यावा, असे मला वाटते.

दिवाळी सरली की आमच्या माजलगाव परिसरातील गावे ओस पडू लागतात. सिंदफणेवर धरण झाले, कालवे निघाले, ऊस आला. तरीही बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातच राहिली. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादम त्या कोयत्याला हंगामापूर्वी उचल देतो आणि ती फिटेपर्यंत ते दोन जीव त्याचे बांधील होतात. त्या महिन्यांत मिस्सेला म्हातारी माणसे आणि शिकणारी मुलेच काय ती उरतात. अशाच एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर विज्ञान शाखेत शिकणारी एक मुलगी आजीसह थांबली आणि म्हणाली, “फादर, प्रयोगवहीत निरीक्षण न लिहिता निष्कर्ष लिहिला, तर सर गुण कापतात. आपण दर रविवारी उभे राहून देवावरच्या विश्वासाची कबुली देतो. तो निष्कर्ष झाला. त्याचे निरीक्षण कुठे आहे?”

आजी कळवळून म्हणाली, “असलं इचारू नये बाई, पाप लागतं.” पण मुलीचे बोलणे संपले नव्हते. “आई-बाबा मुकादमाच्या शब्दावर जातात. हिशेबाची वही त्याच्याकडे. दर वर्षी वाटते, यंदा फिटेल. दर वर्षी काहीतरी बाकी निघतेच. पुरावा नसताना शब्दावर विश्वास ठेवला की असे होते. मग देवाचा शब्द त्याहून वेगळा कशावरून?”

पुण्याच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या मला या प्रश्नाचा पूर्वार्ध परिचित होता. उत्तरार्ध मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात भेटला नव्हता. आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. त्या दिवशी तिच्याशी जे बोलणे झाले आणि त्यानंतर मनात जे घोळत राहिले, ते येथे मांडतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. पुराव्याचा आग्रह ही पाश्चात्त्यांकडून आलेली बाधा नव्हे. आपल्या देशात ‘प्रमाण’ या विषयावर जितका काथ्याकूट झाला, तितका क्वचितच कोठे झाला असेल. चार्वाकांनी प्रत्यक्षाखेरीज दुसरे प्रमाण मानले नाही. मीमांसकांनी वेद शिरोधार्य मानले, पण जगाचा कर्ता असा ईश्वर मानण्याची त्यांना गरज भासली नाही. सांख्यांनी ईश्वराशिवायच विश्वाची उपपत्ती मांडली. उलट दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथच ईश्वराच्या सिद्धीसाठी लिहिला. आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाईस ज्यांची समाधी दाखवितात, त्या मुकुंदराजांनी आपल्या ग्रंथाला ‘विवेकसिंधु’ असे नाव दिले. मराठीच्या अगदी प्रारंभीच्या ग्रंथांपैकी एकाच्या नावात ‘विवेक’ हा शब्द आहे, हे विसरू नये.

अलीकडच्या काळातही ही परंपरा खंडित झालेली नाही. आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ साली निघाला. त्या नावाचा वारसा सांगत प्रा. दि. य. देशपांडे यांनी १९९० साली नागपुरातून ‘आजचा सुधारक’ सुरू केला आणि विवेकवादाची अत्यंत शिस्तबद्ध मांडणी केली. डॉ. श्रीराम लागू देवाला निवृत्त करा, असे उघडपणे म्हणत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची भूमिका निराळी होती. देव मानावा की न मानावा, याविषयी त्यांची चळवळ तटस्थ होती. देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणाला तिचा विरोध होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा गोळ्या घालून खून झाला. प्रश्न विचारणाऱ्याला गोळीने उत्तर देणारी श्रद्धा कोणत्याही धर्माची असो, ती आपल्या देवालाच दुबळे ठरविते.

पुराव्याच्या पक्षाची सर्वांत कडक मांडणी विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली केली. अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणे ही केवळ बुद्धीची चूक नसून नीतीचा अपराध आहे, असे त्याचे म्हणणे. त्याने एका जहाजमालकाची गोष्ट सांगितली. जहाज जुने झाले होते, दुरुस्तीची गरज होती. पण इतक्या सफरी सुखरूप झाल्या, ही एकही होईल. परमेश्वर या गरीब प्रवाशांना सांभाळील, अशी मालकाने मनाची समजूत घातली. जहाज बुडाले, माणसे बुडाली आणि मालकाने विम्याचे पैसे घेतले. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक होता हे मान्य. पण तसा विश्वास बाळगण्याचा त्याला अधिकारच नव्हता. जहाज बुडाले नसते, तरीही तो दोषीच ठरला असता.

आमच्याकडे जहाजे नाहीत. पण हंगामात उसाने ओसंडणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. एखाद्याचा ब्रेक झिजलेला असतो, मागचे दिवे बंद असतात आणि मालक म्हणतो, “देवाची कृपा आहे, आजवर काही झालं नाही.” उसाच्या मोळ्यांवर मजुरांची पोरे झोपलेली असतात. अशा वेळी मी एक धर्मगुरू असूनही संपूर्णपणे क्लिफर्डच्या बाजूचा आहे. त्या मालकाच्या तोंडी आलेले देवाचे नाव हे श्रद्धेचे लक्षण नव्हे. खर्च टाळण्याचा तो एक मार्ग आहे.

मग आपली ख्रिस्तसभा काय म्हणते? डोळे मिटून माना, असे ती म्हणत नाही. जगाकडे पाहून मानवी बुद्धी ईश्वराच्या अस्तित्वाचे ज्ञान मिळवू शकते, असे १८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट शब्दांत सांगितले. १९९८ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी श्रद्धा आणि बुद्धी यांच्या नात्यावर स्वतंत्र परिपत्रक काढले आणि सत्याकडे झेप घ्यायला ही दोन्ही लागतात, असे बजावले. संत थॉमस अक्वायनस यांचे पाच मार्ग आम्ही सेमिनरीत घोकले. गतीला आदिकारण हवे, जे असूही शकते आणि नसूही शकते अशा वस्तुमात्राला कशाचा तरी आधार हवा, हे युक्तिवाद मला आजही भक्कम वाटतात. देव मानणे हा वेडेपणा नाही, एवढे ते निश्चित दाखवितात. तथापि इतक्या वर्षांत अंत्यसंस्कार देण्यासाठी किती उंबरठे ओलांडले, पण कोणाही मरणासन्न माणसाने मला तिसरा मार्ग समजावून सांगा, असे म्हटले नाही. त्यांना हात धरणारा कोणी हवा असतो. आदिकारण आहे, हे पटणे वेगळे आणि त्या आदिकारणाला ‘बापा’ म्हणून हाक मारणे वेगळे. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जाण्याचा रस्ता केवळ युक्तिवादाने पुरा होत नाही.

हे पुस्तकी वाटू नये म्हणून आपल्याच मराठी मुलखातील एका वर्षाकडे पाहू. १८९५ हे ते वर्ष. त्या वर्षी १० फेब्रुवारीला नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. १७ जूनला आगरकर वारले. वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. आणि ऑक्टोबरात नीलकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजेच फादर नेहेम्या गोऱ्हे, यांनी इहलोकीची यात्रा संपविली. गोऱ्हे आणि टिळक हे आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. परंतु श्रद्धा आणि प्रमाण यांचा झगडा त्यांच्याइतका उघडपणे मराठीत फार थोड्यांनी जगला आहे.

गोऱ्हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. ख्रिस्ती मत खोडून काढावे, या हेतूने ते मिशनऱ्यांकडे गेले आणि वाद करता करता १८४८ साली स्वतःच ख्रिस्ती झाले. १८६० साली त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ हा ग्रंथ लिहून सहाही दर्शनांची चिकित्सा केली. प्रत्येक गोष्टीला प्रमाण मागणारा हा माणूस. त्याला प्रमाणे मिळाली, त्याने ती ग्रंथांतून मांडली आणि इतरांना पटविलीही. तरीदेखील शंकांनी त्यांचा पिच्छा अखेरपर्यंत सोडला नाही. रात्र रात्र त्यांनी शंकांशी झुंजण्यात काढली. युक्तिवादाने उभारलेल्या घराला युक्तिवादाचीच वाळवी लागते, हे त्यांच्याइतके कोणी अनुभवले नसेल. पण त्यांनी शंका लपविल्या नाहीत आणि सेवाही सोडली नाही. मला ते श्रद्धेचे अपयश वाटत नाही.

टिळकांची वाट निराळी. आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना जिंकले. तेथे देवाच्या अस्तित्वाचा एकही युक्तिवाद नाही. तेथे आहे तो बोलणाऱ्याचा शब्द आणि त्या शब्दावर आयुष्य बांधण्याचे आव्हान. टिळकांनी ते स्वीकारले आणि घरदार, जात, मानमरातब गमावला. मात्र येथे एक अवघड गोष्ट नजरेआड करता येत नाही. त्या निर्णयाची किंमत लक्ष्मीबाईंनाही मोजावी लागली. काही वर्षांची ताटातूट, लोकांची बोलणी आणि पदरी एक मूल. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसू येते, पण त्या हसण्याखाली ही वेदना आहे. लक्ष्मीबाई पुढे स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या विचाराने ख्रिस्ताकडे आल्या, म्हणून ती कथा उजळली. तथापि आपल्या श्रद्धेचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर किती पडतो, हा प्रश्न प्रत्येक भाविकाने स्वतःला विचारलाच पाहिजे.

आणि आगरकर? त्यांना मी मरणोत्तर भाविक ठरविणार नाही. तो त्यांच्या प्रामाणिकपणाचा अपमान होईल. पण त्यांचे जीवन पाहिले की मला एक प्रश्न पडतो. पुण्यात सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. दम्याने शरीर पोखरलेले, संसार ओढगस्तीचा. समाज सुधारेल, न्यायाचा विजय होईल, याचा कोणता पुरावा त्यांच्या समोर होता? समोर होता तो उलट पुरावाच. तरी ते लिहीत राहिले. पुराव्यापलीकडे जाऊन आयुष्य पणाला लावण्याची वेळ नास्तिकावरही येते.

येथे मला त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिसू लागते. क्लिफर्डचा जहाजमालक, ब्रेक झिजलेला ट्रॅक्टरवाला आणि वही आपल्याकडे ठेवणारा मुकादम एका ओळीत बसतात. गोऱ्हे, टिळक, आगरकर यांची ओळ निराळी आहे. पहिल्या ओळीत विश्वास एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची. दुसऱ्या ओळीतल्या माणसांनी जोखीम आपल्या डोक्यावर घेतली. जेथे ती घरच्यांवरही पडली, तेथे आपल्याला थबकावे लागते, आणि थबकायलाच हवे. पुराव्यापलीकडचा विश्वास समर्थनीय आहे की नाही, हे ठरविताना ‘जोखीम कोणाची?’ असा प्रश्न आधी विचारावा, असे मला वाटते.

न्यायशास्त्राने शब्द हेही प्रमाण मानले. पण कोणाचाही शब्द नव्हे, ‘आप्ता’चा शब्द. आप्त म्हणजे ज्याला विषयाचे खरे ज्ञान आहे आणि ते जसेच्या तसे सांगावे, अशीच ज्याची इच्छा आहे. आपण जगात जे जाणतो, त्यातील बहुतेक अशा शब्दावरच जाणतो. १९७२च्या दुष्काळात मी आईच्या कडेवर होतो. ती खडी फोडायला जाई आणि मिळालेली सुकडी आधी मुलांना भरवी, हे मला आठवत नाही. थोरल्या बहिणीने सांगितले म्हणून मी ते खरे मानतो. प्रयोगशाळा त्याला पुरावा म्हणणार नाही. पण ते सांगण्यात बहिणीचा काही लाभ नव्हता, आणि आईला मी पुढे जेवढे पाहिले, ते सारे त्या सांगण्याशी जुळणारे होते. या विश्वासाला मी आंधळा म्हणणार नाही.

म्हणून त्या मुलीला मी एवढेच म्हणालो, “मुकादमाच्या व्यवहारात शब्द त्याचा, वही त्याची आणि जोखीम तुझ्या आईबाबांची. ख्रिस्ताने शब्द दिला आणि त्याची किंमत स्वतः क्रुसावर मोजली. आपल्या शिष्यांकडून त्याने उचल वसूल केली नाही. हा देव असल्याचा पुरावा नव्हे. पण कोणाचा शब्द विश्वासाला पात्र आहे, हे पाहायची ही कसोटी आहे. ती तू माझ्यासकट प्रत्येकाला लाव.” आपल्या मराठवाड्यात ख्रिस्ती श्रद्धा रुजली, तीही अशीच. निजामाच्या राजवटीत घोगरगावच्या दीनदलितांमध्ये फादर गुरियन जाकिये यांनी आपले आयुष्य वेचले. आपल्या पणजोबांनी अक्वायनस वाचला नव्हता. आपल्यात राहिलेला, आपल्यासाठी झिजलेला एक माणूस त्यांनी पाहिला होता आणि त्याच्या शब्दाला त्यांनी आप्तवाक्य मानले.

यावर एक रास्त आक्षेप येतो. माणसे खोट्या गोष्टींसाठीही मरतात. बलिदानाने प्रामाणिकपणा सिद्ध होतो, सत्य नव्हे. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच श्रद्धेने बुद्धीशी फारकत घेता कामा नये. जे निश्चितपणे ठाऊक झाले आहे, त्याच्या विरुद्ध ती जाऊ नये आणि प्रश्नांना ती सदैव उत्तरदायी राहावी. संत जॉन हेन्री न्यूमन यांनी १८७० साली दाखवून दिले की आयुष्यातील मोठे निश्चय आपण एकाच निर्णायक पुराव्यावर करीत नाही. अनेक लहान लहान खुणा एकाच दिशेला बोट दाखवितात, तेव्हा मन तिकडे वळते. विहीर खणणारा जाणता शेतकरी शेजारची विहीर, खडकाचा थर, उंबराचे झाड, जमिनीचा उतार असे सगळे पाहतो आणि मग कुदळ मारतो. पाणी दिसल्यावरच खणीन, असे म्हणणाऱ्याला पाणी लागत नाही. आणि तळहातावर नारळ उभा राहिला एवढ्यावर कर्ज काढणाऱ्याचीही अनेकदा फसगत होते.

ही कसोटी आपल्या घरात लावली, तर तिचे मोल कळेल. एकदा भर दुपारी एक बाई झटके येणाऱ्या लेकराला घेऊन प्रार्थनेसाठी माझ्याकडे आली. तेल लावा, हात ठेवा, असा तिचा धोशा. मी रिक्षा बोलावली आणि म्हणालो, “चला, प्रार्थना रिक्षात करू.” दवाखान्यापर्यंत आम्ही दोघेही मोठ्याने प्रार्थना करीत गेलो. लेकरू वाचले. औषधाने की प्रार्थनेने, हे तिने विचारले नाही आणि मीही सांगत बसलो नाही. स्वतःचे दुखणे देवावर सोडायचे की नाही, हे प्रौढ माणसाने ठरवावे. परंतु लेकराचा ताप, सापाने डसलेल्या गड्याचा जीव, सुनेचे बाळंतपण आपल्या श्रद्धेच्या पणाला लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. तेथे आपण जहाजमालक होतो.

अखेरची अडचण सर्वांत मोठी आहे. पुरावा नसणे एक वेळ सोसता येते, पण उलट पुराव्याचे काय? २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली. सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळी आली तरी खाडा नको, खाडा झाला तर दंड, अशी ती स्थिती. या बायांना दयाळू पित्याविषयी काय सांगायचे? येथे मी युक्तिवाद करीत नाही. पंडिता रमाबाईंनी १८७०च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली. देवदेव करीत फिरलेल्या त्या कुटुंबाला कोणताही देव पावला नाही आणि रमाबाईंची जुनी श्रद्धा ढासळली. पुढे १८८३ साली त्या ख्रिस्ती झाल्या. पण मला अधिक बोलके वाटते ते त्यानंतरचे. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुलींना गोळा करून आश्रय दिला. आपल्या आईबापांना जे मिळाले नाही, ते त्यांनी दुसऱ्यांच्या लेकींना दिले. मदर तेरेसांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की त्यांच्या अंतःकरणात कित्येक वर्षे काळोख होता, देवाची चाहूलही लागत नव्हती. तरी त्या रोज पहाटे उठून मरणाऱ्यांच्या उशाशी जात राहिल्या. अनुभवाचाही पुरावा नसताना दिलेला शब्द पाळणे, हे श्रद्धेचे सर्वांत शुद्ध रूप असेल.

संत तोमाची गोष्ट आपण दर वर्षी पास्काच्या आठवड्यानंतरच्या रविवारी ऐकतो आणि त्याला ‘संशयी’ म्हणून मोकळे होतो. पण प्रभूने त्याला वैभव दाखविले नाही, चमत्कार दाखविला नाही, जखमा दाखविल्या. पुरावा मागणाऱ्याला प्रभूने पुरावा दिला, तो हा. ज्या बायांच्या देहावर व्यवस्थेने जखमा केल्या, त्यांच्यासमोर जखमा असलेलाच देव उभा राहू शकतो. दुसरा कोणता देव मला तरी उभा करता येणार नाही.

त्या कथेत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. तोमाने विश्वास ठेवायला नकार दिला आणि प्रभू पुन्हा आला, या दोहोंत आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांनंतरही तोमा इतर शिष्यांबरोबर त्याच खोलीत होता. त्याला कोणी बाहेर काढले नाही आणि तोही उठून गेला नाही. माता-पित्यांनो, आजी-आजोबांनो, आपली मुले प्रश्न विचारू लागली की त्यांना पापाचे भय घालू नका. तुमच्याजवळ उत्तर नसेल, तर नाही म्हणा; मात्र त्यांना आपल्या बरोबर बसू द्या, जेवू द्या, प्रार्थनेच्या वेळी गप्प राहायचे असेल, तर गप्प राहू द्या. तोमाला ते आठ दिवस मिळाले. आपल्या घरात आणि आपल्या धर्मग्रामात प्रत्येक शंकेखोराला ते मिळाले पाहिजेत, मग ते आठ दिवस आठ वर्षांचे का होईनात.